धडक नाही, वेग नाही, मग ट्रॅक्टर जीव कसा घेतो?

ट्रॅक्टर उलटून गावातला कुणी गेला की जमलेल्या माणसांत एक प्रश्न हमखास निघतो. समोर दुसरी गाडी नव्हती, झाड नव्हतं, कुणी आडवं आलं नव्हतं. ट्रॅक्टर तर पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं चालला होता. मग चालवणारा जागच्या जागी गेला कसा?

पाठोपाठ उत्तरंही येतात. कुणी नशिबाला बोल लावतो, कुणी म्हणतो पोरगा नवखा होता, कुणी दबक्या आवाजात दारूचं नाव घेतो. पण वीस-वीस वर्षं ट्रॅक्टर हाकलेली, कधी थेंबाला न शिवलेली माणसंही अशीच गेली आहेत. त्यांच्या बाबतीत या तिन्ही उत्तरांनी काहीच उलगडत नाही. उत्तर ट्रॅक्टरच्या बांधणीत आहे, आणि ते समजायला दहावीपर्यंतचं विज्ञान पुरतं.

१. हिशेबात न येणारा मृत्यू

रस्ते अपघातांची सरकारी आकडेवारी सार्वजनिक रस्त्यावरच्या अपघातांची असते. गट नंबर अमुकमधल्या वावरात, बांधावर किंवा विहिरीच्या काठावर ट्रॅक्टर पालथा झाला, तर तो मृत्यू पोलीस ठाण्यात ‘आकस्मिक मृत्यू’ म्हणून नोंदला जातो आणि रस्ते अपघातांच्या बेरजेत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मात्र याला स्वतंत्र खण आहे. ‘व्ही ८४.५’ म्हणजे रस्त्याबाहेरच्या अपघातात जखमी झालेला शेती-वाहनाचा चालक. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यातल्या केसपेपरवर मात्र बहुधा एवढंच लिहिलेलं असतं: ‘ट्रॅक्टर अपघात’. ट्रॅक्टर कुठल्या बाजूला उलटला, मागे काय जोडलं होतं, चालवणाऱ्याला वाचवणारी पोलादी चौकट होती का, यातलं काही लिहिलं जात नाही. ज्याची नीट नोंदच होत नाही, त्यावर उपायाची मागणी कोण करणार?

घरच्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातली आणखी एक व्यक्ती तिच्यात येते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. मृत व्यक्ती स्वतः वाहन चालवत असेल तर चालक परवाना मागतात, आणि शेतातल्या शेतात फिरणाऱ्या कित्येकांकडे तोच नसतो.

२. तोंड कशानं उचलतं?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ट्रॅक्टर तीन तऱ्हांनी चालवणाऱ्याला मारतो: मागे उलटून, बाजूला कलंडून, किंवा न उलटता अंगावर येऊन. यातलं मागे उलटणं लोकांना सर्वांत कमी समजतं, म्हणून त्यावर जरा रेंगाळू.

इंजिनाचं सगळं बळ मागच्या आसावर पीळ म्हणून येतं. हा पीळ चाक फिरवायला बघतो. चाक फिरलं की ट्रॅक्टर पुढे जातो. पण पिळाला दुसरी वाटही असते. चाक जागेवर घट्ट अडकलं असेल आणि इंजिन जोर लावतच राहिलं, तर फिरायला जे मोकळं आहे ते फिरतं. मोकळं असतं ते ट्रॅक्टरचं धड. मग मागचा आस बिजागरी बनतो आणि इंजिन, बॉनेट, पुढची चाकं, सगळं त्याभोवती वर उचलायला लागतं.

चिखलणीच्या दिवसांत कोकणात किंवा भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात हे डोळ्यांसमोर घडताना दिसतं. ट्रॅक्टर चिखलात रुततो. मागची चाकं नुसती गरगरतात. मग कुणीतरी बांधावरून जाड वासा आणतो, मागच्या दोन्ही चाकांच्या पुढे आडवा टाकतो आणि साखळीनं चाकांना बांधतो. चाक फिरलं की वासा खाली जाईल, त्याचा टेकू मिळेल आणि ट्रॅक्टर वर येईल, असा हिशेब असतो. पुष्कळदा तो बरोबर ठरतो, म्हणून तर ही रीत टिकली. पण वासा खाली जाऊन चिखलात फसला की चाक पुढे फिरूच शकत नाही. चालवणारा पहिल्या गिअरमध्ये, रेस वाढवून, क्लच एकदम सोडतो. आता पिळाला एकच वाट उरते. पुढची चाकं चिखलातून सुटतात, बॉनेट आभाळाकडे जातं आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याला खाली घेऊन पाठीवर पडतो. ही रीत बंद व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. रुतलेला ट्रॅक्टर आधी रिव्हर्समध्ये काढून बघावा, चाकांमागची माती खणावी, आणि नाहीच निघाला तर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून घ्यावा.

मागे उलटण्याचं दुसरं कारण म्हणजे मागचं ओझं कुठे बांधलं आहे. ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना उलाळलेली गाडी माहीत असते: ओझं मागे जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं आणि गाडी ढुंगणावर बसते. ट्रॅक्टरचंही तेच होतं, फरक एवढाच की इथे मागचं ओझं ट्रॅक्टरवर ठेवलेलं नसून मागून ओढत असतं. म्हणून ते किती आहे याइतकंच किती उंचीवरून ओढतं आहे हेही महत्त्वाचं.

एक हिशेब करून पाहू. समजा, दोन टनांचा ट्रॅक्टर आहे. सपाट जमिनीवर त्यातले ७०० किलो पुढच्या चाकांवर आहेत. पुढच्या-मागच्या चाकांत दोन मीटरचं अंतर आहे. मागची ट्रॉली १००० किलोच्या जोरानं ट्रॅक्टरला मागे खेचते आहे. खालच्या ड्रॉबारला, जमिनीपासून ०.४ मीटर उंचीवर ती जोडली, तर पुढच्या चाकांवरचं किती वजन कमी होईल? १००० ला ०.४ नं गुणा आणि २ नं भागा. उत्तर २०० किलो. पुढे अजून ५०० किलो राहिले. तोंड जमिनीवर आहे.

आता तीच ट्रॉली वर, ०.९ मीटर उंचीवर, टॉप लिंकच्या पिनला अडकवा. १००० गुणिले ०.९ भागिले २, म्हणजे ४५० किलो गेले. पुढे राहिले फक्त २५०. सपाटीवर एवढ्यानं अजून निभावेल. पण हाच ट्रॅक्टर नदीकाठच्या वावरातून बांधावर चढतो आहे आणि चढ १५ अंशांचा, म्हणजे साधारण चार फुटांना एक फूट आहे असं धरा. चढावर ट्रॅक्टरचं स्वतःचं वजनही मागे सरकतं. भारकेंद्र जमिनीपासून ०.८ मीटरवर धरलं तर त्यानं आणखी सुमारे २३० किलो जातात. पुढच्या चाकांवर उरले २० किलो. अशा वेळी एखादा खड्डा किंवा एक झटक्यात सोडलेला क्लच पुरे होतो.

ऊसतोडणीच्या हंगामात दोन भरलेल्या ट्रॉल्या वावराबाहेर काढताना हेच घडतं. त्यावर गावोगाव एक तोडगा दिसतो: तोंड उचलू नये म्हणून बंपरवर दोन-तीन माणसं उभी करतात. यात विज्ञानाची चूक नाही, पुढे वजन वाढतंच. पण तोल गेला तर ती माणसं थेट चाकाखाली येतात. हेच काम करण्यासाठी कंपनीची ओतीव लोखंडी वजनं मिळतात. ती लावा, ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडा, आणि एका वेळी एकच ट्रॉली बाहेर काढा. मागे काही जोडलेलं नसेल आणि चढ उभा असेल, तर ट्रॅक्टर रिव्हर्सनं चढवावा. जड इंजिन उताराकडे राहिलं की तोंड उचलत नाही.

३. बाजूला कलंडणं

ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसतो. तोल सांभाळण्याच्या दृष्टीनं तो चार पायांवर नसतो. बहुतेक ट्रॅक्टरांचा पुढचा आस मध्यभागी एका पिनवर झुलता बसवलेला असतो, जेणेकरून खाचखळग्यांत चारही चाकं जमिनीला टेकून राहावीत. त्यामुळे ट्रॅक्टर खरं तर एका त्रिकोणावर उभा असतो: मागची दोन चाकं आणि पुढची ती एक पिन. चौकोनापेक्षा त्रिकोणावरचा तोल लवकर जातो. भारकेंद्रातून खाली सोडलेला ओळंबा त्रिकोणाच्या बाहेर पडला की ट्रॅक्टर कलंडतो. बांधावर एक चाक चढणं, दुसरं चाक नांगरटीच्या सरीत उतरणं, पाटाची ओली कड खचणं, यांतलं काहीही त्याला पुरतं.

वळणावर वेगाचा हिशेब येतो. वेग दुप्पट झाला की बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. १० किलोमीटर वेगानं सहज मारलेलं वळण २० च्या वेगानं मारलं, तर जोर चौपट असेल असं समजून चाला. लोडर किंवा उंच टाकी बसवलेला ट्रॅक्टर त्याआधीच जातो, कारण भारकेंद्र वर गेलेलं असतं.

ब्रेकचंही लक्षात ठेवा. शेतात चटकन वळता यावं म्हणून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. दोन पेडल जोडणारी एक लहान पट्टी असते. शेतातून रस्त्यावर येताना ती पट्टी लावायची राहिली आणि ऐन वेगात एकाच पेडलवर पाय पडला, तर एक चाक थांबतं, दुसरं पळतं, आणि ट्रॅक्टर भर रस्त्यात गर्रकन फिरून आडवा होतो.

काठाचा धोका तर वेगळाच. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजुरांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि ७ मजूर बायका बुडून गेल्या. कठडा नसलेल्या विहिरी आपल्या शिवारांत किती आहेत, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. विहीर, ओढा किंवा पाट जेवढा खोल असेल, निदान तेवढं अंतर ठेवून ट्रॅक्टर चालवावा, हा सोपा नियम आहे.

४. पाऊण सेकंद

“मला कळतं की तोंड उचलायला लागलं. मी लगेच क्लच दाबतो.” अनुभवी चालक हे ठामपणे सांगतात, आणि तोंड थोडंसं उचलून खाली बसण्याच्या अनेक प्रसंगांत त्यांनी ते केलेलंही असतं.

पण खरोखर उलटणाऱ्या ट्रॅक्टरचं वेळापत्रक बघा. पुढची चाकं जमिनीवरून सुटल्यापासून साधारण पाऊण सेकंदात तो अशा कोनात पोचतो, की त्यानंतर क्लच दाबला तरी तो परत येत नाही. स्वतःच्या वजनानंच मागे पडतो. पूर्ण पालथा व्हायला लागतात सुमारे दीड सेकंद. आता माणसाकडे या. काहीतरी बिघडलं आहे हे जाणवणं, काय बिघडलं हे ओळखणं, पायाला हुकूम जाणं, पाय हलणं आणि पेडल खाली जाणं, एवढ्यातच पाऊण सेकंद संपलेला असतो. तेही त्याची नजर पुढे असेल तर. नांगरट करताना ती बहुतेक वेळ मागे अवजारावर असते.

उडी मारायलाही वेळ नसतो. आणि उडी मारली तर माणूस ज्या बाजूला ट्रॅक्टर झुकतो आहे त्याच बाजूला जातो, कारण अंग आधीच तिकडे कललेलं असतं. मांडीवर किंवा कंबरेवर मडगार्ड पडून झालेल्या जखमा अशाच असतात.

म्हणून ‘सावधपणे चालवा’ हा सल्ला खरा असला तरी अपुरा आहे. तोल गेल्यानंतर सावधपणाला काम करायला वेळच मिळत नाही.

५. शरीरावर काय ओढवतं

मोटारीच्या धडकेत शरीर वेगानं जाऊन कशावर तरी आपटतं. ट्रॅक्टर उलटल्यावर शरीर चिरडतं आणि चिरडलेलंच राहतं. स्टिअरिंग छातीवर येतं. बरगड्या मोडल्या नाहीत तरी छाती फुगू शकत नाही. फुप्फुसं शाबूत असून हवा आत जात नाही आणि माणूस काही मिनिटांत गुदमरतो. चेहरा काळानिळा पडतो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्ताचे ठिपके दिसतात. गावकरी म्हणतात, “अंगावर खरचटलंसुद्धा नव्हतं,” आणि ते खरंही असतं.

पाय अडकला तर धोका उशिरा येतो आणि तो समजून घ्यायला हवा. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव चालू असताना ढिगाऱ्यांखालून काढलेली काही माणसं आधी ठीक वाटत आणि थोड्या दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन दगावत. हॅमरस्मिथ हॉस्पिटलचे डॉक्टर एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी त्याचं वर्णन त्याच वर्षी प्रसिद्ध केलं. दाबलेले स्नायू रक्ताविना मरायला लागतात. त्यांच्यातलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन तिथेच साचून राहतं. वजन उचललं की रक्त पुन्हा वाहायला लागतं आणि हा सगळा साठा एकदम शरीरभर पसरतो. पोटॅशियममुळे हृदय बंद पडू शकतं, मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडं तुंबतात. लघवी चहासारखी काळपट होते.

यातून मदत करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी निघतात. छाती, मान, डोकं किंवा पोट दबलेलं असेल तर एका क्षणाचीही वाट न बघता वजन हटवा. आधी इंजिन बंद करा आणि ट्रॅक्टर आणखी सरकणार नाही असे दगड-ठोकळे लावा. आणि पाय बराच वेळ दबून राहिला असेल, तर १०८ ला फोन करतानाच किती वेळ झाला ते सांगा. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. वजन उचलायच्या आधी शिरेतून सलाइन सुरू झालं तर मूत्रपिंडं वाचण्याची शक्यता वाढते. सुटका झाल्यावर “मी ठीक आहे, घरी जातो” असं जखमी माणूस म्हणाला तरी त्याला घरी नेऊ नका. डिझेल सांडलेलं असतं, तेव्हा जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नका.

६. न उलटताही

पीटीओ शाफ्ट, म्हणजे मागचं अवजार फिरवणारा दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टचा घेर २० सेंटीमीटर धरला तर एका सेकंदात तो १८० सेंटीमीटर कापड गुंडाळतो. एवढं लांब तुमचं उपरणं असतं. टोक अडकल्याचं कळेपर्यंत मान शाफ्टशी पोचलेली असते. प्लास्टिकचं कव्हर तुटलं म्हणून काढून ठेवणं, चालू शाफ्ट ओलांडून पलीकडे जाणं, मळणीयंत्रापाशी ओढणी मोकळी सोडणं, या तिन्ही सवयी सोडायलाच हव्यात.

आणि डायरेक्ट स्टार्ट. स्विच बिघडलेला असतो, म्हणून माणूस मागच्या चाकापुढे जमिनीवर उभा राहून स्टार्टरच्या टोकांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असतो. तो सुरू होतो तो चालतच, आणि सर्वांत आधी त्याच माणसावरून जातो. स्विच दुरुस्त करायला लागतात थोडेसेच रुपये.

७. चौकट आणि पट्टा

पाऊण सेकंदात माणूस काही करू शकत नसेल, तर लोखंडानं करायला हवं. चालवणाऱ्याच्या मागे किंवा भोवती मजबूत पोलादी चौकट बसवायची. ट्रॅक्टर उलटला तरी त्याचं वजन चौकटीवर येतं आणि आसनाभोवती माणूस मावेल एवढी जागा शाबूत राहते. पट्टा माणसाला त्या जागेत धरून ठेवतो. बाजूला कलंडताना बऱ्याचदा चौकट जमिनीला टेकून ट्रॅक्टरला एका कुशीवरच थांबवते, पूर्ण पालथा होऊ देत नाही.

स्वीडननं १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना चौकट सक्तीची केली आणि पुढे जुन्या ट्रॅक्टरांपर्यंत नियम नेला. तिथे त्या सुमारास दर लाख ट्रॅक्टरांमागे वर्षाला उलटण्यानं सुमारे १२ मृत्यू होत. १९९० पर्यंत ते प्रमाण एकाच्याही खाली आलं. शेतकरी तेच होते, डोंगरउतारही तेच. अमेरिकेनं ऑक्टोबर १९७६ पासून २० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना चौकट सक्तीची केली, पण फक्त पगारी कामगार चालवत असतील तिथे. घरच्या शेतात घरच्या माणसानं चालवलेला ट्रॅक्टर सुटला, आणि मृत्यू तिथेच होत राहिले. चौकट आणि पट्टा दोन्ही वापरले तर उलटण्यातले जवळजवळ सगळे मृत्यू टळतात, असं तिथल्या अभ्यासांत दिसलं आहे. ते प्रमाण ९९ टक्के सांगतात.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. आपल्याकडच्या ट्रॅक्टरांवर पातळ पाइपाचं छत असतं, त्याला झालरी, आरसे, स्पीकर लावलेले असतात. ते छत उन्हापावसासाठी आहे. दोन टन वजन पडलं की ते चेपतं आणि माणसाला आणखी अडकवतं. चौकट ही कंपनीनं भार देऊन तपासलेली, ट्रॅक्टरच्या मूळ सांगाड्याला जाड बोल्टांनी घट्ट बसवलेली असते. तिला भोक पाडू नये, वेल्डिंग करू नये. एकदा उलटून वाकलेली चौकट सरळ करून वापरू नये. आणि चौकट नसेल तर पट्टा बांधू नये, कारण तसा पट्टा माणसाला ट्रॅक्टरखालीच धरून ठेवतो.

नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार म्हणतील, मांडवाखाली चौकट अडते. त्यासाठी दुमडणारी चौकट मिळते. बागेत ती खाली करायची, पट्टा सोडायचा, आणि बागेबाहेर येताच चौकट उभी करून पट्टा पुन्हा लावायचा. खर्चाचं म्हणाल, तर ट्रॅक्टर सहा-आठ लाखांना घेताना त्यावर हौसेनं होणारा खर्च मी पाहिला आहे; मग चौकटीलाच हात आखडू नये.

तुमच्या ट्रॅक्टरला चौकट नसेल, तर येत्या नांगरटीआधी तुमच्या मॉडेलची तपासलेली चौकट आणि पट्टा मिळतो का, हे विक्रेत्याकडे जाऊन विचारा. गावातल्या वेल्डरकडून पाइप वाकवून घेऊ नका. नवा ट्रॅक्टर घेत असाल तर चौकटीशिवाय घेऊ नका, आणि तो ज्याच्या हाती देणार आहात, मग तो पगारी ड्रायव्हर असो की घरचा मुलगा, त्याला पहिल्या दिवसापासून पट्टा बांधायला लावा.